मिलिंदचा हंबकर

बाकीचे मित्र जमले की ट्रेकचे किस्से काढतात. आमच्याकडे मिलिंदच्या गिटारचे निघतात! आज हसतो आम्ही, पण घडत होते तेव्हा जाम टरकली होती, हे आधीच सांगून ठेवतो.

नव्वदच्या दशकात सिडकोत आमचा छोटा ऑर्केस्ट्रा होता. मिलिंद गिटारवर, सलीम ड्रम्सवर, मी कीबोर्डवर. आणि भित्रेपणात तिघंही एक नंबर!

सुरुवात सटाण्याच्या एका लग्नात झाली. मिलिंदच्या गिटारला साधा पिकअप होता. पिकअप म्हणजे तारांखालचं चुंबक आणि भोवती बारीक तारेचं वेटोळं. वेटोळं एकच असलं की जवळच्या लाइटिंगची गुणगुण पकडतं. मांडवात तर लाइटिंगच लाइटिंग. मिलिंदनं आवाज वाढवला आणि स्पीकरमधून ‘गुंऽऽऽ’ सुरू झालं.

मांडवामागच्या झाडाला खरंच आग्या मोहोळ होतं. कोणीतरी ओरडलं, "मोहोळ उठनं रे! पया!"

पदर डोक्यावर घेत बायका पळाल्या, पुरुष खुर्च्या तुडवत पळाले. आम्हीही पळालो! नवरदेव बाशिंगासकट स्टेजखाली सापडला. मधमाश्या मात्र झाडावर शांत होत्या.

परतीच्या टेम्पोत मिलिंद एवढंच म्हणाला, "हंबकर बसवायला लागणार."

*

हंबकर म्हणजे दोन वेटोळ्यांचा पिकअप, एकाची गुणगुण दुसरं खाऊन टाकतं. मिलिंदनं मुंबईहून तो मागवला. पण तो रुंद, गिटारमधली खाच अरुंद. म्हणजे लाकूड कोरायचं!

मिलिंद ओझरला विमानाच्या कारखान्यात कामाला. दिवसभर पत्र्याला ड्रिल मारणारा माणूस. पण गिटारवर पटाशी ठेवायचा आणि परत उचलायचा. कपाळाचा घाम टपटप लाकडावर पडत होता.

सलीम म्हणाला, "अरे, विमानाला भोकं पाडतोस, तेव्हा नाही घाबरत?"

मिलिंद म्हणाला, "विमान बाबांनी घेऊन दिलेलं नाही!"

*

बसला एकदाचा. पण आवाज फार जाड, चिखलात बुडाल्यासारखा. वेटोळ्याचे थोडे वेढे कमी केले की आवाज मोकळा होतो, असं मिलिंदनं कुठंतरी वाचलेलं. ती तार केसाहून बारीक. तुटली किंवा गुंतली की पिकअप गेला. म्हणून पंखा बंद, खिडक्या बंद, बोलणं बंद. आम्ही श्वाससुद्धा तोंड वळवून घेत होतो.

वेढे सुटत होते. तेवढ्यात सलीम पाणी प्यायला उठला आणि दाराकडे निघाला.

"हलू नकोस!" मिलिंद किंचाळला.

सलीम एक पाय हवेत ठेवून तसाच उभा. चेहरा पांढराफटक. हळूच म्हणाला, "साप आहे का?"

"त्याहून वाईट! तार अडकलीय तुझ्या बाहीला!"

*

आवाज मोकळा झाला, पण जोरात वाजवलं की पिकअप कुईकुई करायचा. आतले सैल वेढे थरथरतात, त्यावर उपाय म्हणजे पिकअप वितळलेल्या मेणात बुडवायचा. मेणाचं भांडं गरम पाण्यात ठेवून तापवायचं असतं. मिलिंदनं ते थेट गॅसवर ठेवलं. आधी धूर आला, मग भडका!

ज्वाळा ओट्यावरच्या फळीपर्यंत गेली. सलीमनं पाण्याची बादली उचलली. "पाणी नको! स्फोट होईल!" मिलिंद ओरडला. मी सिलिंडरकडे बघून देवाचं नाव घेत होतो.

मिलिंदची बायको वैशाली आत आली. तिनं गॅस बंद केला, भांड्यावर परात उपडी टाकली. आग विझली.

मग ती शांतपणे म्हणाली, "परत गिटार उकळायची असेल तर आधी सांगा. मी माहेरी जाते."

*

शेवटी कळवणकडच्या एका गावात जत्रेचा कार्यक्रम मिळाला. दुपारची वेळ, मैदान भरलेलं. वैशाली पहिल्यांदाच आली होती, पुढंच बसली होती. हंबकर सुंदर वाजत होता. गुणगुण नाही, कुईकुई नाही.

गिटारच्या अॅम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन मात्र कोणीतरी तोडली होती, बोर्डात बसत नव्हती म्हणून. आम्हाला पत्ताच नव्हता.

मिलिंदचा डावा हात तारांवर होता. उजव्या हातानं त्यानं माइक जवळ ओढला, आणि तो ताठ झाला. मान मागं, डोळे फिरलेले, सगळं अंग थरथरतंय. गिटार किंचाळायला लागली. मैदान उसळलं! शिट्ट्या, टाळ्या, "वन्स मोअर!" मला वाटलं, आज याच्या अंगात आलंय. सलीमनं तर ठेका वाढवला!

फक्त वैशाली उठली. धावत स्टेजवर चढली, पायातली रबरी चप्पल काढली आणि मिलिंदच्या माइकच्या हातावर सपासप हाणली. माइक सुटला. मिलिंद कोसळला.

आम्ही धावलो. शॉकनं तळहातावर तारांचे काळे वळ उमटले होते. वैशाली त्याचं डोकं मांडीवर घेऊन हाका मारत होती, चप्पल अजून हातातच. बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले.

मैदानात चिडीचूप. मग मागून एक म्हातारा काकुळतीनं ओरडला,

"नका मारू ना वहिनी! लय भारी वाजवत व्हता बिचारा!"