खुशी न घेणारा हमाल

मलकापूर स्टेशनावरून मी अठ्ठावीस वर्षं रोज नांदुऱ्याला गेलो आणि संध्याकाळी परत आलो. तिथल्या शाळेत मास्तर होतो. हातात डबा आणि काखेत तपासायच्या वह्या, एवढंच माझं ओझं, त्यामुळे हमालाशी कधी व्यवहार पडला नाही. निवृत्त झाल्यावर मात्र पाय आपोआप स्टेशनाकडेच वळायला लागले. घरी बसलो की सुनेच्या कामात लुडबुड होते, आणि बाजारात गेलो की जुने विद्यार्थी गाठून स्वतःच्या पगाराचे आकडे सांगतात. त्यापेक्षा फलाटावरचा बाक बरा. त्या बाकावर देवानंद आधीच बसलेला असायचा.

देवानंद मूळचा धामणगाव बढ्याचा. अंगात लाल सदरा, दंडावर पितळी बिल्ला, खांद्यावर पंचा आणि तोंडाला कुलूप. वय एकसष्ट, त्यातली चौतीस वर्षं याच स्टेशनावर हमाली केलेली. मी त्याला भाऊ म्हणायचो, तो मला सर. मला लोक तापट म्हणतात आणि ते काही खोटं नाही. पण हट्टाच्या बाबतीत देवानंदपुढे मी बालवाडीतलं पोर होतो.

त्याचा हट्ट एकच. तो खुशी घेत नसे.

खुशी म्हणजे मजुरीच्या वर लोक जे देतात ते. कुणी बक्षीस म्हणतं, कुणी टिप म्हणतं, आमच्या स्टेशनावर खुशी. मजुरी ज्याची त्याची, पण खुशी सगळ्यांची, असा इथल्या हमालांचा जुना रिवाज होता. दिवसभराची खुशी एका डब्यात पडायची आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला त्यातून सगळ्यांचा चहा आणि भजी यायची. देवानंद खुशी घेत नाही म्हटल्यावर डब्यात टाकणार काय, आणि टाकलं नाही तर भज्याला हात लावणार कसा? बाकीच्यांनी त्याला वाळीत टाकलं होतं असं नाही. हिंमतराव नावाचा जुना हमाल रोज हाक मारायचा, "ये बे देवा, भजे थंडे होऊन राह्यले." हा नुसता हात हलवायचा आणि फलाटाच्या टोकाला जाऊन आपली भाकर सोडायचा. पुढे हिंमतरावानंही हाक मारणं बंद केलं.

बंद करायला कारणही होतं. एखादा प्रवासी बाकीच्यांना ऐकवायचा, "तो मघाचा हमाल काही मागत नव्हता, तूच काऊन मागतो?" एकाच्या तत्त्वापायी सहा जणांची भजी कमी व्हायला लागली, तर सहा जण त्याला ओवाळतील थोडेच! आणि प्रवासी तरी कुठे खूश होते? माणसाला न दिल्याचं काही वाटत नाही, पण दिलेलं परत आलं की त्याचं डोकं सणकतं. एका जरीच्या टोपीवाल्यानं तर परत आलेली वीसची नोट रुळावर भिरकावली होती. देवानंदनं तिकडे पाहिलंही नाही.

मी एकदा त्याला सरळ विचारलं, "भाऊ, एवढं काय बिघडतं घेतलं तर?"

त्यानं खांद्यावरचा पंचा सारखा केला. मग म्हणाला, "माहा बाप गुलाबराव. गावात लोकायच्या दारी राबे. पैसा हातात नाई देत त्याले. वरून टाकत. त्याहिचा हात वर, बापाची ओंजळ खाली. एखादं नाणं मातीत पडे, मंग बाप वाकून वेचे. म्या पाह्यलं सर हे. बिल्ला भेटला तवाच ठरोलं, दराच्या बोर्डावर लिवलं तेवढं घेईन. ते हक्काचं हाय. त्याच्यावर एक पैसा नाई."

मी पुन्हा तो प्रश्न त्याला विचारला नाही.

पण हट्टाला घरची आणि दारची माणसं वेगळी ओळखता येत नाहीत, हे मला पुढे कळलं. देवानंदची बायको धम्मशीला, मुलगी पायल दहावीत असतानाच गेली. नंतर यानंच पोरीची वेणी घातली, यानंच डबा केला, ओझी वाहून तिला नागपूरला नर्सिंगला पाठवलं. पाच वर्षांपूर्वी तिचा पहिला पगार झाला आणि ती मलकापूरला आली. गाडीतून उतरली तेव्हा मी फलाटावर होतो. देवानंदनं तिची बॅग खांद्यावर घेतली. बॅगेला चाकं होती, पण त्यानं ती टेकू दिली नाही. बाहेर रिक्षापाशी बॅग उतरवल्यावर पायलनं पर्समधून एक पाकीट काढलं, त्यात पाचशेची कोरी नोट होती. ती हसत म्हणाली, "घ्या हमालदादा, तुमची खुशी."

पोरीनं नागपूरपासून हे मनात घोळवत आणलं असणार. समोर हिंमतराव होता, आणखी दोघे होते, सगळे बघत होते. आणि देवानंदच्या तोंडून इतक्या वर्षांच्या सवयीचं वाक्य निघून गेलं.

"खुशी घेत नाई मी. बोर्डावर साठ रुपये लिवले हायेत."

हिंमतराव हसला. देवानंदलाही ती गंमतच वाटली होती, असं तो आजही शपथेवर सांगतो. पायलचा चेहरा मात्र उतरला. "मी पॅसेंजर आहे का, बाबा?" एवढंच ती म्हणाली आणि पाकीट पर्समध्ये गेलं.

एवढ्यावर भागलं असतं. पण त्यानंतर तिनं मोबाइल पाठवला, तो यानं परत केला, "माह्याजवळ हाय बटनाचा." थंडीत जाड स्वेटर पाठवलं, तेही परत. घरभाडं देते म्हणाली, तर "माहं भागते." दर वेळी हा अभिमानानं मला सांगायचा आणि मी मूर्खासारखा मान डोलवायचो. चौथ्या की पाचव्या वेळेनंतर तिनं पाठवणं सोडलं. नंतर येणंही सोडलं. बदली करून ती नाशिकला गेली. आता वर्षातून दोनदा ट्रेनिंगसाठी नागपूरला जायची, म्हणजे मलकापूरवरूनच, पण तीन वर्षांत एकदाही उतरली नाही. रविवारी तिचा फोन यायचा.

"बरे आहे ना, बाबा?"

"हाव."

"जेवले?"

"हाव."

"औषध घेता ना पाठीचं?"

"हाव."

माझ्या शेजारी बसून तो हे बोलायचा आणि फोन बंद झाल्यावर बराच वेळ तो तसाच हातात धरून ठेवायचा.

दरम्यान स्टेशनही बदललं. सगळ्या बॅगांना चाकं आली. आठ वर्षांच्या पोरीसुद्धा आपली गुलाबी बॅग गडगडत नेतात. एकेक हमाल निघून गेला. हिंमतराव मुलाकडे देऊळघाटला राहायला गेला, एकानं बिल्ला सोडून रसवंती टाकली. उरला देवानंद. चार-चार दिवस त्याच्या खांद्यावर काही चढत नसे. सहा वाजता फलाटावर भज्याचा वास येईना, आणि ज्याच्यापासून तो चौतीस वर्षं लांब बसला, त्या घोळक्याची जागा तो आता टक लावून बघत बसायचा. या महिन्याअखेर बिल्ला जमा करतो, असं त्यानं मला दोनदा सांगितलं. मी म्हणालो, करा. मग करणार काय, असं मात्र विचारलं नाही, कारण उत्तर मला ठाऊक होतं. एक खोली, एक चूल आणि रविवारचा फोन.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी त्या फोनवर तीन प्रश्नांच्या पुढे एक वाक्य आलं. "बुधवारी नागपूरहून परत चालली आहे. दुपारची गाडी. मलकापूरला दोन मिनिटं थांबते. दारात येते, भेटा."

फोन ठेवल्यावर देवानंद माझ्याकडे वळला. "सर, तुमी तं शिकलेले मानूस. मागाचं कसं असते?"

"काय मागायचं?"

"खुशी." तो खाली बघत म्हणाला. "तिची मोडली म्या. तिले वाटते बापाले तिचं काईच नको. तसं नाई हो सर. मले पाह्यजे. स्वेटर पाह्यजे होतं, फोनई पाह्यजे होता. ते पोरगी हाय, तिचा हात वर असला तं काय झालं? हे मले समजालेच लय उशीर लागला. बुधवारी मागून घेतो. एकदा घेतलं का मंग ती उतरीन."

मी अठ्ठावीस वर्षं व्याकरण शिकवलं, पण मागायचं कसं ते मलाही येत नव्हतं. तरी मास्तरकी कुठे सुटते! मंगळवारी मी त्याच्याकडून तालीम करून घेतली. हात पुढे करा म्हटलं, की त्याचा हात कोपरापासून पुढे यायचा आणि मूठ मिटलेलीच राहायची. "अहो, मुठीत नोट कुठे ठेवेल ती? उघडा ना." तो उघडायचा आणि लगेच पंच्याला पुसायचा. मी चिडलो, त्याच्यावर ओरडलो, आणि मग मला स्वतःचीच लाज वाटली.

बुधवारी त्यानं धुतलेला सदरा घातला होता. बिल्ला घासून चकचकीत केला होता. गाडी वीस मिनिटं उशिरा आली. पायलचा डबा पुढे गेला, आम्ही दोघे म्हातारे मागे धावलो. ती दारात उभी होती, थोडी जाड झाली होती, डोळे अगदी धम्मशीलेचे. तिच्या हातात काही नव्हतं. बापाला काही द्यायचं नसतं, हे ती चांगलं शिकली होती.

"बाबा, किती वाळले तुम्ही."

देवानंदनं हात पुढे केला. मूठ उघडली.

"खुशी दे, पायल."

"काय?"

"खुशी. तवाची. पह्यल्या पगाराची. चुकलो मी तवा."

तिनं घाईघाईनं पर्समध्ये हात घातला. एक कप्पा, दुसरा कप्पा, कार्डं, चाव्या, गोळ्यांची पट्टी. तिनं पर्स उलटीच केली. "बाबा, नोटच नाही हो माझ्याजवळ. सगळं फोनवरच असते आता. तुमच्याजवळ स्कॅनर..." आणि तिथेच थांबली, कारण बापाकडे बटणाचा फोन होता आणि तो का होता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

गाडीनं शिट्टी दिली. देवानंदचा हात तसाच पुढे. मला राहवलं नाही. "माझा नंबर घे!" मी ओरडलो, आणि गाडीबरोबर चालत श्रुतलेखन घालावं तसा एकेक आकडा मोठ्यानं सांगितला. शेवटचे दोन आकडे सांगितले तेव्हा डबा बराच पुढे गेला होता. तिला ऐकू आले की नाही, कळलं नाही. ती दारातून हात हलवत होती.

आम्ही बाकावर येऊन बसलो. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. "ऱ्हाऊ द्या सर," देवानंद म्हणाला. "मागतलं तं खरं म्या." तेवढ्यात माझ्या खिशात फोन वाजला.

मी चष्मा लावला. पैसे आल्याचा निरोप होता. पायल देवानंद, आणि पुढे आकडा. साठ रुपये. सोबत एक अक्षर नाही.

मला त्या पोरीचा असा राग आला की फोन रुळावर फेकावासा वाटला. बापानं उभ्या जन्मात पहिल्यांदा हात पसरला आणि हिनं बोर्डावरचा भाव पाठवला! पाचशे आले म्हणून सांगावं आणि पदरचे द्यावे, असंही मनात आलं. पण देवानंद माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि त्याच्याशी खोटं बोलण्याची माझी हिंमत नव्हती.

"किती?"

"साठ."

मी खिशातून पन्नासची एक आणि दहाची एक नोट काढून त्याच्यापुढे धरली. त्यानं हात लावला नाही.

"सामान तं उचललंच नाई म्या तिचं," तो हळूहळू म्हणाला. "चौतीस वर्षांत ओझं उतरवल्याबिगर कोनाची मजुरी नाई घेतली. हे तिले ठाऊक हाय, सर. लहानपनापासून ठाऊक हाय." मग त्यानं माझी मूठ नोटांसकट मिटवली. "आगाऊ देली तिनं. तुमच्यापाशीच राहू द्या. ती उतरली, बॅग रिक्षापर्यंत नेली, का मंग घेईन."

पायलच्या मनात हेच होतं, की जुना घाव तिनं तसाच परत केला होता, मला माहीत नाही. तिला विचारायचा धीर मला झाला नाही. रविवारचा फोन येतो, तेच तीन प्रश्न, तीच तीन उत्तरं, साठ रुपयांचा विषय दोघंही काढत नाहीत. महिनाअखेर येऊन गेली, आणखी तीन गेल्या, पण देवानंदनं बिल्ला जमा केलेला नाही. ओझं बाकी असताना कसा करू, म्हणतो. नागपूरहून येणारी दुपारची गाडी आली की तो उठतो, पंचा खांद्यावर घेतो आणि एकेका डब्याचं दार बघत शेवटपर्यंत चालत जातो. गाडी गेल्यावर परत येऊन माझ्याजवळ बसतो, आणि मी खिशातल्या त्या दोन नोटा चाचपून बघतो.