नळीतली चिंधी

माझ्या धाकट्या भावाला डाव्या कानानं ऐकू येत नाही. त्याचं कारण आपल्याला ठाऊक आहे असं घरात प्रत्येकाला वाटतं. मी त्या विषयावर परवापर्यंत कधी बोललो नव्हतो. आता बोलायला बसलोय, तरी त्यातलं काही मला स्वतःलाच अजून उमगलेलं नाही.

वडिलांना शर्यतीच्या बैलांचा नाद होता, भावाला गाडीचा. त्यानं आपल्या छोट्या गाडीत, डिकीत, नायट्रसची बाटली बसवून घेतली. हा वायू स्वतः पेटत नाही, पण पेट्रोलला जास्त जोरानं पेटायला लावतो, असं तो मला समजावायचा. जे पेटतच नाही त्याला इतकं जपायचं कशाला, हे मला कळायचं नाही. दात काढताना हाच वायू हुंगवतात म्हणे. म्हणजे औषधच की.

नवीन पनवेलच्या ज्या गॅरेजमध्ये हे काम केलं, तिथला फिटर आमच्या दोघांसमोर सगळं सांगत होता. काम नसेल तेव्हा बाटलीचा कॉक बंद. पट्टे घट्ट. बटण दाबायचं ते कुंपणाच्या आतल्या रिकाम्या मैदानावर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना. रस्त्यावर अजिबात नाही, ते कायद्यातही बसत नाही. गाडी उन्हात ठेवायची नाही, कारण बाटली तापली की आतला दाब वाढतो. आणि दाब फारच वाढला तर कॉकजवळची पातळ चकती फुटते आणि सगळा वायू एका नळीतून डिकीच्या तळाखाली, गाडीच्या बाहेर जातो. ती नळी मोकळी राहिली पाहिजे.

हे शेवटचं वाक्य त्यानं म्हटलं, हे मला आज लख्ख आठवतं. पण तेव्हा मी फोनवर होतो. माझं सिमेंट-रेतीचं दुकान आहे, एक गिऱ्हाईक सोडत नव्हतं. मग ते वाक्य मी तेव्हा ऐकलं, की नंतर भावाच्या तोंडून ऐकून त्याच जागी बसवलं? खूप आठवून पाहिलं. कधी वाटतं ऐकलं, कधी वाटतं नाही.

त्याआधीच्या पावसाळ्यात उंदरांनी माझ्या टेम्पोच्या वायरी कुरतडल्या होत्या. आमच्याकडे पाणी भरलं की उंदीर गाड्यांत घुसतात, लोक बोनेटखाली तंबाखूची पानं ठेवतात. एकदा भावाची गाडी धुताना मला खाली अंगठ्याएवढ्या नळीचं उघडं तोंड दिसलं. वाटलं, पाणी निघायची वाट असेल, पण हिच्यातून उंदीर सहज वर जाईल. मी काडीनं चिंधी कोंबली आणि वर सिलिकॉन फासलं. कुणाला बोललो नाही. एवढ्याशा गोष्टीचं काय सांगायचं? उलट, भावाचं एक काम परस्पर केल्याचं समाधान होतं.

मग मे महिन्यात गव्हाणला भाचीचा साखरपुडा. मांडवाशेजारच्या शेतात गाड्या लावल्या होत्या, सावली कुठेच नव्हती. नवरदेवाकडची माणसं आली, फटाके लागले, बहिणीनं आहेराची पिशवी मागितली. ती डिकीत होती. भाऊ मागच्या सीटवर बसून, फटाक्यांमुळे दार ओढून घेऊन, सीटच्या पाठीवरून डिकीत वाकून पिशवी काढत होता. तेवढ्यात आवाज झाला. मांडवातल्या लोकांना तो फटाकाच वाटला, कुणी वळूनही पाहिलं नाही. मी जवळ होतो. काचा आतून पांढऱ्याफटक झाल्या. दार उघडलं तर थंडगार धूर आणि जळक्या काडीसारखा वास. भाऊ खोकत बाहेर पडला आणि ढेकळांत कोसळला. मानेची कातडी बर्फानं भाजावी तशी झाली होती. "काय बोलतोस? काय बोलतोस?" असं तो मला विचारत राहिला. मी काहीच बोलत नव्हतो.

त्याला दवाखान्यात नेलं. गाडी आणायला मी मागे राहिलो. डिकीत पाहिलं: चकती फुटली होती, आणि नळी बाहेर वायू सोडण्याऐवजी बाटलीपासूनच उखडून आत पडली होती. मी गाडीखाली शिरलो, सिलिकॉन खरवडलं आणि चिंधी ओढून काढली. मला काही माहीत नव्हतं, तर माझा हात थेट तिकडे कसा गेला? या प्रश्नापुढे मी अजून गेलेलो नाही.

फिटर येऊन पाहून गेला. नळी साफ, मोकळी. त्याला काही कळेना. शेवटी म्हणाला, माझाच नट कमी आवळला गेला असेल. भावानं ते धरून ठेवलं आणि गावभर सांगितलं. मी शेजारी उभा राहून मान हलवली.

परवा भाऊ ओटीवर येऊन बसला. नवीन गाडी घेतलीय, पुन्हा बाटली बसवतोय, दुसऱ्या गॅरेजात. मी बरं म्हटलं. मग तो सहज बोलला, "या टायमाला ती नळीच नको सांगितलंय. तीच निघाली, तिनंच घात केला."

मी पाण्याचा तांब्या उचलला, खाली ठेवला. मग सगळं सांगितलं. उंदीर, चिंधी, सिलिकॉन, नंतर गाडीखाली शिरलो ते. खाली बघून, एका दमात. तो समोरच्या रस्त्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता उठेल, किंवा मारेल.

तो वळला. "दादा, तू काय तरी बोलत होतास ना? या कानानं नाय ऐकू येत. इकडं ये."

मी त्याच्या डाव्या बाजूला बसलो होतो. इतकी वर्षं घरातला प्रत्येकजण त्याच्या उजवीकडे बसतो, मीही बसतो. त्या दिवशी डावीकडे कसा बसलो, देव जाणे.

उठून पलीकडे गेलो. दुसऱ्यांदा सांगताना एका दमात जमलं नाही. मधे मधे तो विचारत होता: कसली चिंधी? कधी काढलीस? मी दवाखान्यात असताना? हो, म्हटलं.

बराच वेळ तो आपल्या कानाची पाळी चोळत होता.

"मंजे नळी पायजेच."

"पाहिजेच. आणि मोकळी पाहिजे."

"आनि उंदीर?"

"तोंडाला जाळी लावता येते का ते विचारू."

त्यानं खिशातून फोन काढला. जुन्या फिटरचा नंबर त्याच्याकडे अजून होता, हे मला माहीत नव्हतं. लावला, उजव्या कानाला धरला, पलीकडून उचलल्याचं ऐकलं, आणि फोन माझ्यापुढे केला.

"त्याला पन सांग," तो म्हणाला.