‘कोई शक?’ ‘नहीं, उस्ताद!’

निवृत्तीनंतर मी कारखान्यांत नव्या कामगारांना सुरक्षिततेचे धडे देतो. तास संपल्यावर ‘समजलं का?’ असं मी विचारत नाही. कोणीतरी एक शंका काढेपर्यंत उभा राहतो. मॅनेजर घड्याळाकडे बघतात. बघू देत.

मी हवालदार असताना माझी बदली पुण्यात, सैन्याच्या इंजिनिअरांच्या ट्रेनिंग सेंटरवर झाली. घर कसबा पेठेत, त्यामुळे मी खूश होतो. साडेपाचला पीटी, आठला वर्ग, दुपारी नदीवर पूल आणि तराफे. इन्स्ट्रक्टरला रिक्रूट ‘उस्ताद’ म्हणतात. वर्गाच्या शेवटी उस्तादाने विचारायचं, "कोई शक?" आणि सगळ्यांनी ओरडायचं, "नहीं, उस्ताद!" आवाज जितका मोठा तितका वर्ग चांगला, असा आमचा हिशेब. मलाही तो आवाज फार आवडायचा.

विलास कुंजीर माझ्या अशाच एका वर्गात होता. लोणी काळभोरच्या शेतकऱ्याचा मुलगा, हाताने पक्का, हिंदीत कच्चा. एका सकाळी धडा होता तराफ्याच्या दोराचा. मी फळ्यावर तीन हुकूम लिहिले: खींच, ढील, थाम. पहिले दोन करून दाखवले. तिसरा सोपा म्हणून दाखवला नाही.

विलास उभा राहिला. "उस्ताद, थाम म्हंजी थांबायचं का धरायचं?"

प्रश्न रास्त होता. परेडवर ‘थम’ म्हणजे थांब, हे मीच त्याच्याकडून महिनाभर घोटून घेतलं होतं. ‘थाम’ म्हणजे घट्ट धर. मला एवढंच सांगायचं होतं. पण माझी जीभ पेठेतली.

"कुंजीर, तुमच्याकडे बैलाला थांब म्हटलं की तो कासरा धरतो का?"

वर्ग खो खो हसला. विलासही हसला आणि खाली बसला.

"कोई शक?"

"नहीं, उस्ताद!" त्याचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

दुपारी अडीचला आम्ही नदीवर होतो. वरच्या धरणातून पाणी सोडलेलं, ओढ जास्त होती. काठावर आठ जण दोर ओढत होते. विलास शेवटी, खुंटाशी. खुंटाला घातलेल्या वेढ्यांचं टोक त्याच्या हातात. तराफा मध्यावर फिरायला लागला.

मी ओरडलो, "थाम!"

सात जणांनी दोर आवळला. विलास थांबला. ओढणं सोडून हात मोकळे केले आणि पुढच्या हुकमासाठी माझ्याकडे बघत उभा राहिला. खुंटावरचे वेढे सुटले, पुढच्यांच्या हातांतून दोर सरसरत गेला. जमिनीवरच्या वेटोळ्यात त्याचा पाय होता. दोराने त्याला पाण्यात नेलं. दोघांनी लगेच उड्या टाकल्या. तो चार वाजता सापडला.

चौकशीत मेजरसाहेबांनी विचारलं, "वर्गात शंका विचारल्या होत्या?"

"येस सर."

"कोणाला काही शंका?"

"नो सर."

एवढंच. रिपोर्टात आलं की रिक्रूटने हुकूम चुकीचा ऐकला. तोच रिपोर्ट त्याच्या घरी सांगितला गेला. मी गप्प राहिलो. पुढे मला बढतीही मिळाली. त्याची लाज मला आजही वाटते.

पेन्शनीत आल्यावर एकदाचा लोणीला गेलो. विलासचे वडील ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. मी कोण ते सांगितलं. मग वर्गातला प्रश्न सांगितला, बैलाची थट्टा सांगितली, चौकशीतला ‘नो सर’ सांगितला. शिव्या खायच्या तयारीनेच गेलो होतो.

म्हाताऱ्यांचे हात थांबले. "म्हंजी त्यानं इचारलं व्हतं?"

"हो. मीच उत्तर दिलं नाही."

त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. "मी इतकी वर्सं लोकांना सांगत आलो, आमचं पोरगं येंधळं व्हतं म्हनून."

मग त्यांनी घराकडे तोंड वळवलं आणि बायकोला हाक मारली.

"अगं, भाईर ये. आपल्या इलासनं इचारलं व्हतं."