एका बुटावर पाहिलेली फायनल

लाल टीम हरली की दुसऱ्या दिवशी तो लाल मफलर गळ्यात घालून कामावर यायचा. जिंकली की मफलर घरी. स्लाऊच्या आमच्या पॅकिंगच्या फॅक्टरीत बाकी सगळे लंडनच्या टीमवाले. ते हसायचे. हा म्हणायचा, "जिंकल्यावर कोण पण घालतं रे. हरल्यावर घालून दाखव."

त्याचं नाव लिहीत नाही, त्याला आवडलं नसतं. आम्ही त्याला सारंग म्हणायचो. रत्नागिरीकडचा. तरुणपणी बोटीवर खलाशांचा मुकादम होता, त्या मुकादमाला सारंग म्हणतात. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका बंदरात त्याची बोट महिनाभर अडकली. गोदीतल्या लोकांनी त्याला फुटबॉलच्या मॅचला नेलं, तेव्हापासून ती लाल टीम त्याची. लग्न केलं नाही. माझ्या शेजारच्या घरात एकटा राहायचा, आमची भिंत एकच.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, काही सांगायला जा, आधी विचारणार, "कोण म्हणतो?" फोरमन म्हणाला, हे मशीन भंगारात जाणार. "कोण म्हणतो?" डॉक्टर म्हणाले, सिगारेट सोडा, फुप्फुस गेलंय. "कोण म्हणतो?" डॉक्टर म्हणाले, "एक्स-रे म्हणतो." ह्यानं बाहेर येऊन एक पेटवली.

मी चौथी शिकलेला माणूस, गोल गोल लिहिता येत नाही. दोन हजार पाचच्या फेब्रुवारीत माझी बायको मेली. चाळीस वर्षं चहा तिनं केला, मला गॅस कुठल्या बाजूला फिरवतात ते माहीत नव्हतं. एप्रिलमध्ये एकदा दूध ठेवलं आणि तिच्या खुर्चीकडे बघत बसलो. पातेलं काळं झालं, धुराचा अलार्म बोंबलला, सारंग धावत आला. ब्रॅकनेलला कॉम्प्युटरच्या ऑफिसात असलेल्या माझ्या मुलाला हे कळलं. म्हणाला, "बाबा, इनफ. तुम्ही माझ्याकडे राहायचं. माझी घर मोठी आहे. हे विकू." त्याचं मराठी असंच, इथंच वाढला. मी हो म्हणालो. कशातच जीव नव्हता.

मला न्यायला तो मे महिन्यात आला, तो नेमका युरोपातल्या मोठ्या कपाच्या फायनलचा दिवस. इस्तंबूलला, लाल टीम आणि इटलीवाले. बॅग भरून दाराशी ठेवली होती. सारंग म्हणाला, "पोरगा येईपर्यंत माझ्याकडे बस." बसलो. पहिल्याच मिनिटाला गोल खाल्ला. हाफटाइमला तीन-शून्य. चहा झाला, खेळ परत सुरू झाला आणि बाहेर हॉर्न वाजला.

"येतो," मी म्हणालो. "तुझी टीम मेली."

"कोण म्हणतो?"

"स्कोअर म्हणतो, गाढवा."

पायातलं दाराशी काढायची आमच्याकडे रीत. गुडघा धरत मी उजवा बूट चढवला, तेवढ्यात आतून आरोळी. गोल! सारंग दोन्ही हात वर करून ओरडत होता, "हलू नकोस! आहेस तिथंच राहा!"

ज्यांनी घोळक्यात बसून क्रिकेट बघितलंय त्यांना हे सांगायला नको. नशीब फिरलं त्या क्षणी जो जिथं असेल तिथंच त्यानं राहायचं, मुतायलासुद्धा उठायचं नाही. सारंगनं हाच कायदा फुटबॉलला लावला. मी चौकटीत उभा, एका पायात बूट, दुसऱ्यात मोजा. दोन मिनिटांत दुसरा गोल. मग तिसरा. सहा मिनिटांत तीन-तीन.

मुलगा तणतणत आला. "बाबा, गाडी डबल येलो लाइनवर उभा आहे, फाइन लागेल!"

"तुझ्या बापाला हलता येत नाही," सारंग आतून म्हणाला. "तू पण तिथंच थांब."

"काका, दिस इज मॅड."

"कोण म्हणतो?"

"मी म्हणतो!"

"मग थांबून म्हण."

पोरगा गाडी नीट लावून आला आणि थांबला. एक्स्ट्रा टाइम झाला, पेनल्टी आल्या. लाल टीमचा गोलकीपर रेषेवर मुद्दाम पाय लटपटवत नाचत होता आणि मी बेंबीच्या देठापासून ओरडत होतो. शेवटची पेनल्टी त्यानं अडवली. जिंकलो. फेब्रुवारीपासून माझ्या घशातून मोठा आवाज निघाला नव्हता. मुलगा टीव्हीकडे नाही, माझ्याकडे बघत होता.

मी म्हणालो, "मी येत नाही."

"बाबा! परत गॅस विसरलात तर?"

"तर जळेन. माझ्या घरात जळेन."

"गप रे, जळेन म्हणे," सारंग मधे पडला. मग मुलाला म्हणाला, "तीन महिने दे. मी शिकवतो ह्याला. नाही जमलं तर मीच ह्याची बॅग तुझ्या गाडीत टाकतो."

मुलगा म्हणाला, "तीन. चौथा नाही."

सारंगनं बोटीवरच्यासारखं शिकवलं. गॅस चालू असेल तोवर माणूस उभा. बसायचं असेल तर आधी गॅस बंद. एकदा आमटी ढवळताना बायकोची आठवण येऊन मला रडू फुटलं. तो म्हणाला, "रड. पण डाव हलवत राहा, खाली लागेल." ऑगस्टमध्ये मुलगा जेवायला आला. दोनदा भात घेतला आणि बॅगेचं नाव काढलं नाही.

पुढच्याच्या पुढच्या वर्षी परत त्याच दोन टीम फायनलला आल्या. ती बघायला सारंग नव्हता. त्या आधीच्या हिवाळ्यात फुप्फुसानं त्याला नेलं. एक्स-रे खरं बोलला होता. मी एकट्यानं टीव्ही लावला. सारंग असताना गोल झाला की, आपला असो की त्यांचा, आम्ही आपापल्या घरातून मधल्या भिंतीवर मूठ मारायचो. इटलीवाल्यांनी दुसरा गोल मारला आणि मी भिंतीवर मूठ मारली.

दार वाजलं. सारंगच्या घरात नवा आलेला पोलंडचा माणूस, घाबरलेला. "एव्हरीथिंग ओके?"

"नो," मी म्हणालो. "नॉट ओके. सिट."

त्याच्यापुढे भात आणि बांगड्याचं सार ठेवलं. दोन घासांत त्याचं नाक गळायला लागलं. त्यानं विचारलं, कोण जिंकतंय? मी म्हणालो, दोन-शून्य, आपण हरतोय. त्यानं कोपऱ्यातल्या मिनिटांकडे बघितलं. थोडीच उरली होती. तरी त्यानं खुर्ची टीव्हीजवळ ओढली आणि ताट पुढं करून अजून भात मागितला.