झारचा वन्समोर

आमच्या साडूंनी एकदा मनावर घेतलं की ते झारचं अख्खं साम्राज्य इथं हॉलंडात, झूटरमेरच्या तळ्याकाठी आणून बसवतील आणि वर त्याला पार्किंगही मिळवून देतील. एरवी हा गृहस्थ एका कंपनीत सॉफ्टवेअरच्या चुका शोधतो. पण एका जुन्या रशियन ऐतिहासिक ऑपेराचा मराठी सिनेमा करायचं त्यांच्या डोक्यात शिरलं आणि आमच्या शनिवार-रविवारांचं वाटोळं झालं. राज्याभिषेकाला चर्चच्या घंटा हव्यात म्हणून त्यांनी इथल्या मराठी मंडळातल्या झाडून सगळ्यांना सायकलींसकट बोलावलं आणि थंडीत कुडकुडत घंट्या वाजवायला लावल्या. झारचा झगा म्हणजे माझ्या मेहुणीच्या दिवाणखान्याचा पडदा. शूटिंग संपेपर्यंत ती बिचारी समोरच्या डच आजींना खिडकीतून हात हलवत जेवत होती.

झार होते साडूंचे वडील, मिरजेहून व्हिजिटर व्हिसावर आलेले. तरुणपणी त्यांनी संगीत नाटकांत कामं केली, पण वन्समोर कधी मिळाला नाही, ही त्यांची जन्माची खंत. आता ऐकू कमी येतं, आवाज मात्र शाबूत. मरणाच्या प्रसंगी ते सुंदर गायले आणि मेले. साडूंनी त्यांना उठवलं. बाबांनी दाढी सरळ केली, परत गायले, परत मेले. पहिला टेक चांगला असताना हा दुसरा कशाला, असं मी साडूंना विचारलं.

"उद्या लोकांनी वन्समोर दिला तर माझ्याकडे दाखवायला नको?"

सिनेमात वन्समोर नसतो हे मी परोपरीनं सांगून पाहिलं. साडू ढिम्म.

बाबा परतायच्या आधीच्या रविवारी हॉल घेऊन सिनेमा दाखवला. बाबा पहिल्या रांगेत. झार मेले. साडूंनी चित्र थांबवलं आणि लोकांकडे बघत उभे राहिले. लोक खुर्च्या सरकवून बटाटेवड्यांकडे निघाले होते. मला ते बघवेना. मी उठून बेंबीच्या देठापासून "वन्समोर" ओरडलो.

पडद्यावरचे झार उठले, दाढी सरळ केली आणि परत गायले. निघालेले लोक मुकाट्यानं बसले. बाबांनी वळून विचारलं, "कुणी मागितला रे?"

"सगळ्यांनी, बाबा," साडू त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले.

पडदा आता मेहुणीच्या खिडकीत परत लागलाय. बाबा मिरजेत असतात. व्हिडिओ कॉलवर त्यांना आमचं फारसं ऐकू येत नाही, म्हणून तेच बोलतात, आणि दर वेळी त्या संध्याकाळची गोष्ट सांगतात. त्यातली ओरडणारी माणसं हल्ली वाढत चालली आहेत. साडू मान डोलावतात, आणि शेजारी बसून मीही.