रविवारचं कुंपण

वहिनी गेल्याचा फोन पुतणीनं दवाखान्यातून केला, तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "कुत्र्यांना कोणी खायला घातलं का?" दिराला हे काही शोभणारं नव्हतं. पलीकडे ती रडता रडता हसली. "काका, आई म्हणालीच होती, तुम्ही आधी हेच विचाराल."

दादा गेल्यापासून वहिनी काचीगुड्याच्या घरात एकट्याच राहायच्या. सोबतीला नवाब आणि मिर्ची, रस्त्यावरून उचलून आणलेली दोन कुत्री. मुलगी पुण्याला फ्लॅटमध्ये, तिथं कुत्री ठेवायची परवानगी नाही. आमचं घर विद्यानगरला, मागे छोटंसं परसदार असलेलं. पण मी कुत्र्यांना भिणारा माणूस. वहिनींकडे गेलो की सोफ्यावर पाय वर घेऊन मांडी घालून बसायचो आणि डॉक्टरांनीच असं बसायला सांगितलंय, अशी थाप मारायचो. वहिनी हसू दाबून चहा आणायच्या.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी त्या आमच्या दारात ऑटोतून उतरल्या. मांडीवर तारेच्या जाळीचं भेंडोळं, पायाशी दोन्ही कुत्री. "भावजी, परसात कुंपण घालायचं. मी पुण्याला गेले की ही दोघं इथं राहतील."

मी म्हटलं, माणसं लावू, दोन दिवसांत उरकेल.

"नक्को. घरचं काम घरच्यांनी करायचं."

माझी बायको सुनंदा लगेच त्यांच्या बाजूनं. "करू द्या त्यांना, वहिनी. तेवढंच पोट कमी होईल."

आमच्याकडे वीतभर मातीखाली खडक लागतो. पहार मारली की ठण्णकन आवाज आणि थेट दातांपर्यंत झिणझिण्या. मी खणायचो, सुनंदा खांब धरायची आणि वहिनी खुर्चीवर बसून चुका काढायच्या. कुत्री त्या खुर्चीच्या पायाला बांधलेली. दर रविवारी दोरी आदल्या खेपेपेक्षा जरा लांब वाटायची. मला वाटे, वयोमानानं वहिनींच्या गाठी सैल पडतायत.

उभा केलेला खांब पुढच्या रविवारी त्यांना हमखास वाकडा दिसायचा. "काढा हा." मला सरळ दिसायचा, सुनंदालाही. एकदा मी वैतागलो, "वहिनी, अशानं हे कुंपण तुमच्या नातवाच्या लग्नापर्यंत चालेल!"

"चालू द्या की. घाई कुणाला आहे?" त्या म्हणाल्या आणि दुसरीकडे पाहू लागल्या.

मग एका सकाळी मी खड्ड्यात वाकलेलो असताना मानेवर काहीतरी गरम, ओलसर लागलं. मिर्ची माझा घाम चाटत होती. मी जागच्या जागी थिजलो. "वहिनी, धरा तिला!"

"हौ, धरते," वहिनी म्हणाल्या आणि खुर्चीतून उठल्याच नाहीत.

पुढच्या रविवारी त्यांनी एकही खांब हलवून पाहिला नाही. "झालं कुंपण," एवढंच बोलल्या. चहा पिता पिता सांगितलं, पुण्याला वगैरे जायचं नाही. दुखण्याचे रिपोर्ट जाळी आणण्याआधीच आले होते. सुनंदानं त्यांचा हात धरला. मी विचारलं, "मग हे खांब खरंच वाकडे होते का?"

"एकही नाही," वहिनी म्हणाल्या. "मिर्चीला तुम्ही चालता आता. नवाबला वेळ लागेल, भावजी. चिडू नका त्याच्यावर."

त्या गेल्यावर दोघांना मीच घेऊन आलो. मिर्चीनं त्याच संध्याकाळी ताट चाटूनपुसून साफ केलं. नवाब मात्र फाटकाशी तोंड करून पडून राहिला. दूधभात नको, अंडं नको. सुनंदा त्याच्याजवळ बसून बोलत राहायची, तो कानही हलवायचा नाही. हा असाच गेला तर वहिनींना काय तोंड दाखवू, असलं काहीतरी माझ्या मनात यायला लागलं. शेवटी रविवारी काहीच सुचेना, तेव्हा मी पक्कड घेऊन जाळीपाशी बसलो. जाळी चांगली ताणलेली होती. तरी एक तार सोडवली आणि पुन्हा पिळायला घेतली. थोड्या वेळानं मागे पावलं वाजली. नवाब आला, माझ्यापासून हातभर अंतरावर बसला आणि माझ्या हातांकडे बघत राहिला. सुनंदानं हळूच ताटली सरकवली... तो जेवला.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी मी कुठल्या तरी एका खांबाची तार सैल करतो आणि परत आवळतो. फार सावकाश आवळावी लागते. काम संपलं की तो उठून जातो.