डहाणू ते तलासरी, तेलइंजिनाच्या टाकीवर

डहाणूहून तलासरीला एस.टी.नं गेलात तर दोन तासांच्या आत पोचाल. आम्हाला साडेपाच तास लागले. तरी कुणाला जुनी गाडी घेऊन या रस्त्यानं जायचं असेल, म्हणून जसं घडलं तसं लिहिते.

गाडी म्हणजे पिकअप. बाबा ज्या चिकूच्या वाडीत बावीस वर्षं ड्रायव्हर होते, तिथं ती झाडाखाली सडत पडली होती. मालकांनी नवी घेतली आणि ही बाबांना देऊन टाकली. तलासरीचे गवताचे एक व्यापारी शेट बाबांना म्हणाले होते, "मंगळवारी बारापर्यंत गाडी आपल्या पायानं माझ्या वखारीत आण. आली तर या हंगामाचं गवत तू वाहायचंस. नाही तर दुसरा ट्रक तयार आहे."

बाबांना वाचता येत नाही. आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली, आता स्वतःच शाळेत शिकवते. त्यामुळे गाडीचे कागद दाखवायला मी बरोबर. तिसरे छगनकाका, स्टेशनजवळचे गुजराती मिस्त्री. गाडी त्यांनीच उभी केली.

इंजिनाला पेट्रोल पोचवणारा गाडीचा पंप कामातून गेला होता आणि तसला मुंबईतही मिळेना. काकांनी पंपाचा नादच सोडला. विहिरीवरच्या जुन्या तेलइंजिनाची टाकी आणून केबिनच्या मागे उंच ठोकळ्यावर बसवली. पेट्रोल आपल्या वजनानं खाली उतरायचं. कार्बुरेटर जीपचा. त्याची भोकं इंजिनाशी जुळेनात, तेव्हा मी दोन्हीकडची भोकं कागदावर उतरवून दिली आणि त्यावरून काकांनी मध्ये घालायची ॲल्युमिनियमची पट्टी पंधरा दिवस कानशीनं घासली. तांब्याची नळी वाकवताना चेपू नये म्हणून तिच्यात वाळू भरतात. ती वाळू किनाऱ्यावरून आणून, धुऊन वाळवायचं काम माझं. नळी नंतर रिकामी केली, तरी आत एखादा कण राहिला असेल या काळजीनं माझं जेवणात लक्ष नव्हतं. वाडीभोवती फिरवून पाहिली तेव्हा मात्र गाडीची काही कुरकुर नव्हती.

मंगळवारी पावणेसातला निघालो. निघण्याआधी टाकीच्या झाकणावर पेट्रोलचा थेंब दिसला. झाकणाला सुईएवढं भोक होतं. घरी रॉकेलचा डबा गळला की आई त्यावर कपड्याचा साबण घासते. मीही तेच केलं, बोटानं नीट दाबून. एवढ्याशा गोष्टीचं काय सांगायचं, म्हणून कुणाला बोलले नाही.

आशागडपर्यंत रस्ता बरा आहे. पुढे खडी उखडलेली. तिथंच गाडी दोन आचके देऊन बंद पडली. काकांनी टाकीचं झाकण उघडून आत पाहिलं, पेट्रोल होतं. झाकण लावलं, नळी सोडवली, तोंडानं फुंकली, परत बसवली. गाडी सुरू झाली.

"वाळू असेल," मी म्हटलं. "माझीच."

"वाळू असती तर माझ्या तोंडात आली असती नी," काका म्हणाले.

गंजाडच्या पुढं पुन्हा तेच. पुन्हा झाकण, नळी, फुंकर, पाऊण तास गेला. चारोटी नाक्यावर तिसऱ्यांदा. इथं चहा चांगला मिळतो, फार गोड असतो एवढंच. भजी टाळा, तेल जुनं असतं. काका चहा पीत होते तेवढ्यात बाबांनी झाकण उघडलं. सायकलच्या ट्यूबमध्ये वारा शिरावा तसा आवाज झाला. त्यांनी झाकण लावून सहज स्टार्टर दाबला, तर गाडी चालू! नळीला कुणी हातही लावला नव्हता. मला सकाळचा साबण आठवला. मी चहाचे पैसे द्यायला गेले.

चारोटीपासून मोठा डांबरी रस्ता लागतो. विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या देवळासमोर गाडी चौथ्यांदा थांबली. बाबांनी स्टिअरिंगवरचे हात काढले आणि मांडीवर ठेवले. काकांनी पाना बाहेर काढला.

"आता कार्बुरेटर खोलायचा. माझी पट्टीच हवा खाते, बीजूं सूं, दुसरं काय?"

"किती वेळ?" बाबांनी विचारलं.

"दोन तास तर खरे."

माझ्या घड्याळात अकरा वाजून गेले होते.

"काका, खोलू नका," मी म्हटलं. "झाकणाला भोक होतं. मी त्यात साबण भरला."

"कधी?"

"सकाळी. गळत होतं म्हणून."

काकांनी पाना खाली ठेवला. "अरे बेन, पेट्रोल खाली जाणार तर त्याच्या जागी वरून हवा नको? टाकीला पण श्वास लागते! सकाळपासून मी माझ्याच पट्टीला शिव्या घालतो, अने मास्तरीणबाई गप्प!"

"मला चारोटीला शंका आली होती," मी म्हटलं. तेही सांगणं भाग होतं.

मी केसातली पिन काढून दिली. काकांनी भोक मोकळं केलं आणि त्यावर फडक्याची सैल घडी बांधली. तिथून तलासरीपर्यंत गाडी एकदाही थांबली नाही.

वखारीत शिरलो तेव्हा सव्वाबारा झाले होते. शेट दारातच उभे होते.

"उशीर केलास. रस्त्यात थांबली?"

"थांबली नी, चहा प्यायला," काका म्हणाले.

माझ्यानं राहवलं नाही. "चार वेळा बंद पडली. झाकणाचं भोक मी बुजवलं होतं. आता ठीक आहे."

"ही कोण?"

"माझी मुलगी," बाबा म्हणाले. "मास्तरीण आहे."

"वर्गातपण दंगेखोरांत आपलंच नाव लिहिते काय?"

शेटनी कागद पाहिले, गाडीत गवताचे गठ्ठे भरायला लावले आणि स्वतः बाबांच्या शेजारी बसले. अच्छाडच्या नाक्यापर्यंत जाऊन परत. काका आणि मी वखारीच्या ओट्यावर बसून होतो. काकांनी विडी पेटवली नाही, नुसती बोटांत धरली. पाऊण तासानं गाडी परत आली, भरलेली, न थांबता.

"आठ दिवस बघतो," शेट म्हणाले. "हंगामाचं मग बोलू."

परत येताना आशागड मागे पडलं. मग बाबा म्हणाले, "शेटसमोर तू बोललीस, तेव्हा मला राग आला."

"आणि आता?"

"आता गाडी चालवू दे."

त्याला महिना होत आला. शेटनी हंगाम पक्का केलेला नाही, पण दुसऱ्या ट्रकलाही बोलावलेलं नाही. मी गप्प बसले असते तर त्याच दिवशी पक्कं झालं असतं का, हे मी अजून मनात उलटसुलट करून पाहते. बाबा रोज साडेपाचला निघतात. परवा घरी आल्यावर त्यांनी आपणहून सांगितलं, गंजाडजवळ मागचा टायर बसला, तास गेला.

"शेटना काय सांगितलं?" मी विचारलं.

"टायर बसला, तास गेला," बाबा म्हणाले, आणि हात धुवायला मोरीकडे गेले.